आजोबांचं क्लॅरोनेट आणि न्यू ऑर्लिन्सचे पाच दिवस

शनिवार

ह्यूस्टनहून पहाटे पाचला निघालो, मी आणि माझी लेक. नवऱ्याला सुट्टी नव्हती. थँक्सगिव्हिंगचा आठवडा, शाळा बंद, आणि नववीतल्या पोरीनं स्वतःहून मागितलेली सहल. असा योग मी सोडणार नव्हते.

ती शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवते. उन्हाळ्यात एकदा तिनं मला ट्युबा स्किनी या बँडचा व्हिडिओ दाखवला. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्याकडेला बसलेली पाच-सहा तरुण माणसं, साधे कपडे, कॉर्नेट, क्लॅरोनेट, ट्रॉम्बोन, बँजो, ट्युबा, आणि एकाच्या मांडीवर चक्क कपडे धुवायची पत्र्याची फळी. वाजवत होते ते १९२० च्या दशकातलं जॅझ. "आई, यांच्यासमोर कागदच नाहीये," ती म्हणाली. तिच्या शाळेत प्रत्येक सूर कागदावर छापलेला असतो. त्या दिवसापासून घरात हेच सुरू झालं.

माझ्या मनात मात्र दुसरंच काही होतं. माझे आजोबा मिरजेला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. मी त्यांना वाजवताना कधी ऐकलं नाही. मला कळायला लागेपर्यंत त्यांचे पुढचे दात पडले होते, आणि दात गेले की ओठांची पकड जाते, पकड गेली की सूर जातो. कवळीचा खर्च घराला परवडण्यासारखा नव्हता. ते ओट्यावर बसून गुणगुणायचे आणि बोटं मात्र गुडघ्यावर चालू असायची.

म्हणूनच लाफाएटला मोठा हायवे सोडून आम्ही न्यू आयबेरियाला वळलो. या गावात बंक जॉन्सन राहायचा. न्यू ऑर्लिन्सचा जुना ट्रम्पेटवाला. १९३० च्या दशकात त्याचे दात गेले, वाद्य गेलं, आणि तो इथे शेतमालाच्या ट्रकवर आणि मिळेल त्या कामावर पोट भरत होता. जॅझच्या सुरुवातीच्या काळाचा शोध घेणारे काही अभ्यासक जुन्या वादकांना विचारत फिरत होते. त्यांच्या तोंडून बंकचं नाव वारंवार यायला लागलं, तेव्हा त्यांनी न्यू आयबेरियाला पत्र टाकलं. बंकनं उलट कळवलं की दात आणि वाद्य मिळालं तर मी अजून वाजवू शकतो. लोकांनी वर्गणी काढली. दात बसवले लिओनार्ड बेशेनं, म्हणजे थोर क्लॅरोनेट आणि सोप्रानो सॅक्सोफोनवादक सिडनी बेशेच्या दंतवैद्य भावानं. १९४२ साली बंकची पहिली रेकॉर्ड निघाली. जुन्या न्यू ऑर्लिन्स जॅझचं पुनरुज्जीवन म्हणतात ते या दातांपासून सुरू झालं, असं मी तरी मानते.

१९४९ साली तो याच गावात गेला. सेंट एडवर्ड दफनभूमीत त्याच्यापाशी आम्ही दहा मिनिटं थांबलो. लेकीनं विचारलं, "पणजोबांना कुणी पत्र नाही लिहिलं?" मी नाही म्हणाले.

पुढचा सगळा रस्ता उसाचा. नोव्हेंबर म्हणजे इथला गळीत हंगाम. हार्वेस्टर मशीन शेतात, रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या, पाचट पेटवल्याचा धूर आणि कारखान्याजवळ तो मळीचा वास. सांगलीच्या माणसाला डोळे मिटून ओळखू येईल असा. मी काच खाली केली. लेकीनं नाक धरलं.

रविवार

सकाळी चिकोरीची कॉफी आणि पिठीसाखरेत बुडवलेले बेन्ये, म्हणजे तळलेले चौकोनी गोड पाव. चिकोरी आपल्याकडच्या कॉफीतही असते, त्यामुळे पहिल्या घोटालाच घरचं वाटलं. मग चालत लुई आर्मस्ट्राँग पार्कमध्ये गेलो. काँगो स्क्वेअर याच आवारात आहे. गुलामगिरीच्या काळात रविवारी दुपारी गुलाम लोक इथे जमायचे, ढोल वाजवायचे, नाचायचे. आज तिथे दगडी फरशीची वर्तुळं आणि ओकची जुनी झाडं आहेत. कुणी नसतानाही जागा भरलेली वाटते.

दुपारी ट्रेमे वस्तीत सेकंड लाइन होती. उन्हाळ्याचे कडक महिने सोडले तर बहुतेक रविवारी शहराच्या कुठल्या ना कुठल्या भागात ही मिरवणूक निघते. काढतात ते तिथले सोशल एड अँड प्लेझर क्लब. यांची मुळं कृष्णवर्णीयांच्या जुन्या परस्पर मदत मंडळांत आहेत. कुणी विमा देत नव्हतं, दवाखान्यात दाद लागत नव्हती, तेव्हा लोक महिन्याला थोडे थोडे पैसे जमा करायचे, त्यातून औषधपाणी आणि अंत्यसंस्कार व्हायचे. अंत्ययात्रेला बँड असायचा. जाताना संथ भजन, आणि माणसाला मातीआड करून परतताना नाचायला लावणारी चाल. पुढे क्लबचे सभासद आणि बँड ही पहिली ओळ, मागून येणारं गाव ही दुसरी ओळ.

कोपऱ्यावर उभं राहून वाट बघत होतो तोच लांबून बास ड्रम ऐकू आला, आणि माझ्या पोटात अगदी तेच झालं जे लहानपणी वरातीचा बँड गल्लीच्या तोंडाशी आला की व्हायचं. नारिंगी सूट, नारिंगी बूट, पिसांचे हातभर मोठे पंखे. पंच्याहत्तरीची एक बाई काठी टेकत नाचत होती. काठीसुद्धा तालात.

मी बास ड्रमवाल्याच्या शेजारून चालले, मुद्दाम. गळ्यात ड्रम, ड्रमच्या डोक्यावर आडवी बसवलेली एकच झांज. उजव्या हातात टोला, आणि डाव्या हातात? कपडे टांगायच्या हँगरची वाकवलेली तार! त्या तारेनं तो झांजेवर इतकं बारीक काम करत होता की मला सुरुवातीला वाटलं हे दुसरंच कुणीतरी वाजवतंय. टोला जमिनीकडे ओढणारा, तार वर उचलणारी.

मी मात्र टाळी चुकवत होते. आपला हात आपोआप समेवर पडतो, म्हणजे पहिल्या मात्रेवर. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. लेकीनं माझा हात धरून दोन गल्ल्या मोजून दाखवलं, "एक, *आता*, तीन, *आता*." तिसऱ्या गल्लीत बसली. आणि ती बसल्यावर पाय बदलले, कंबर बदलली, चालच बदलली.

बँडमधली पोरं विशी-बाविशीची होती. ही पोरं इथे असण्यामागे डॅनी बार्कर हा माणूस आहे. बँजो आणि गिटार वाजवणारा, न्यू यॉर्कमध्ये कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं काढलेला. १९६५ साली तो गावी परतला तर ब्रास बँडमध्ये सगळे म्हातारे. ही पिढी गेली की संपलं, हे त्याला दिसलं. १९७० च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आधारानं त्यानं वस्तीतल्या मुलांचा बँड उभा केला. ट्रम्पेटवाला लेरॉय जोन्स त्यातला. ती मुलं मोठी झाली, त्यांनी आपापले बँड काढले, १९७७ साली आलेल्या डर्टी डझन ब्रास बँडनं तर जुन्या चालींत फंक आणि बीबॉप हे नवे प्रकार घालून रस्त्याचं संगीतच हलवून सोडलं. आज आमच्या पुढून चाललेली पोरं त्याच वंशवेलीवरची.

चार तास चाललो. रात्री आम्ही दोघी न जेवता झोपलो.

सोमवार

रॉयल स्ट्रीट दिवसा काही तास गाड्यांना बंद असतो, आणि तेवढा वेळ तो वादकांचा. इथे डोरीन केचेन्स वाजवते. ट्रेमेमध्ये जन्मलेली, शास्त्रोक्त पाश्चात्त्य संगीत शिकलेली, आणि तरीही कित्येक दशकं याच रस्त्यावर, सूसाफोन (अंगाभोवती अडकवायचा ट्युबा) वाजवणाऱ्या नवऱ्याला सोबत घेऊन क्लॅरोनेट वाजवणारी. तिचा वरचा लांबवलेला सूर माझ्या लेकीला रेकॉर्डिंगवरून पाठ आहे. आम्ही गेलो त्या वेळी ती नव्हती. पोरगी हिरमुसली, पण फार वेळ नाही, कारण पुढच्याच चौकात पाच जणांचा एक बँड सामान लावत होता.

क्लॅरोनेटवाला पंचविशीचा असेल. लेक त्याच्यासमोर फुटपाथवर मांडी घालून बसली ती दीड तास. मध्ये ते थांबले तेव्हा तिनं धीर करून विचारलं की तुझ्या क्लॅरोनेटच्या किल्ल्या वेगळ्या का दिसतात. त्यानं वाद्य सरळ तिच्या हातात दिलं. ही अल्बर्ट सिस्टीम, तो म्हणाला. ब्रसेल्सच्या अल्बर्ट नावाच्या कारागिराच्या नावाची. लेकीचं वाद्य बोम सिस्टीमचं, ज्यात किल्ल्या आणि कड्यांचं जाळं जास्त, बोटांचं काम सोपं. अल्बर्टमध्ये किल्ल्या कमी, भोकांमधलं अंतर जास्त, काही सुरांसाठी बोट घसरवावं लागतं. जॉनी डॉड्स, जॉर्ज लुईस, सिडनी बेशे या सगळ्यांनी हेच वाजवलं. "मग तू अवघड का घेतलंस?" लेकीनं विचारलं. त्यानं दोन ओळी वाजवून दाखवल्या. आवाज लाकडी होता, रुंद, थोडा खरबरीत. त्याला तो आवाज हवा होता आणि त्याच्या मते तो फक्त या भोकांतून येतो.

तो न्यू ऑर्लिन्सचा नव्हता, दूर उत्तरेकडून आला होता. रस्त्यावरच्या अशा बँडमधले बरेच जण असेच. ट्युबा स्किनीची कॉर्नेटवादक शे कोन हिचे आजोबा अल कोन नावाजलेले सॅक्सोफोनवादक, ती स्वतः पियानो शिकलेली, आणि हा बँड जमला २००९ मध्ये, इथल्या रस्त्यावर. त्याआधी २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं होतं. बंधारे फुटले, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादक देशभर पांगले, कित्येक परतलेच नाहीत. त्यांच्यासाठी ब्रॅनफर्ड मार्सालिस आणि हॅरी कॉनिक ज्युनियर यांच्या पुढाकारानं म्युझिशियन्स व्हिलेज ही वसाहत उभी राहिली.

इथे मला जे खटकलं ते लिहिते. रॉयल स्ट्रीटवर जुनं जॅझ वाजवणारे बहुतेक गोरे आणि बाहेरून आलेले दिसले. काल ट्रेमेत वाजवणारे सगळे कृष्णवर्णीय आणि तिथलेच. दोन्ही गल्ल्यांमध्ये चालत वीस मिनिटांचं अंतर. हे संगीत ज्यांच्या घरातून आलं त्यांनाच आता त्या वस्तीतली भाडी झेपत नाहीत. मी त्या क्लॅरोनेटवाल्याला हे विचारलं. त्यानं टाळलं नाही. तो म्हणाला की आल्यावर पहिलं वर्षभर तो ट्रेमेच्या म्हाताऱ्या वादकांच्या मागे फिरला, त्यांची वाद्यं उचलली, आणि अजूनही त्यांच्यातलं कुणी शेजारी उभं राहिलं की तो वाजवायचं थांबवून ऐकतो. हे ऐकून माझं समाधान झालं असं नाही. पण त्याच्याविषयी माझा राग उरला नाही.

दुपारी लाल राजमा आणि भात. सोमवारी इथे घरोघरी हेच. पूर्वी सोमवार धुण्याचा वार, बाई धुण्यात गुंतलेली, मग राजमा मंद आचेवर ठेवून द्यायचा.

संध्याकाळी फ्रेंचमेन स्ट्रीट. लेकीचं वय कमी, त्यामुळे बार असलेल्या क्लबात प्रवेश नाही. पण स्पॉटेड कॅट या छोट्या क्लबात बँड बसतो तो अगदी रस्त्याकडच्या खिडकीला पाठ टेकून. आम्ही बाहेरच्या फुटपाथवर खिडकीला लागून उभ्या राहिलो. ट्रॉम्बोनवाल्याची पाठ आमच्यापासून हातभर. आणि मागून ऐकताना एक गोष्ट कळली जी समोरून कधी कळली नसती. ट्रम्पेट चाल धरून सरळ चालत होतं. क्लॅरोनेट त्याच्या वरून, आत-बाहेर, विणत जात होतं. ट्रॉम्बोन खालून घसरत येऊन दोन वाक्यांमधली जागा भरत होता. तिघंही एकाच वेळी आपल्या मनचं वाजवत होते आणि तरी एकमेकांच्या पायात येत नव्हते. "आई, ते एकमेकांचे श्वास ऐकतायत," लेक म्हणाली. खरंच, ट्रम्पेटवाल्याचे खांदे श्वासासाठी उचलले की त्या फटीत ट्रॉम्बोन शिरायचा.

आत दोन जोड्या लिंडी हॉप, म्हणजे स्विंग या जुन्या जॅझवरचा जोडीचा नाच, नाचत होत्या. तो नाचही असाच कुणाच्या तरी दारावर थाप मारून परत आला. न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या सव्हॉय बॉलरूमचा गाजलेला नर्तक फ्रँकी मॅनिंग स्विंगचा जमाना सरल्यावर टपाल खात्यात लागला, तीसेक वर्षं नोकरी केली. १९८० च्या दशकात तरुण नर्तक त्याला शोधत आले, अमेरिकेतून, स्वीडनहून. सत्तरी ओलांडलेला तो माणूस पुन्हा उभा राहिला आणि २००९ मध्ये, ९५ वर्षांचा व्हायला महिना उरला असताना जाईपर्यंत जगभर शिकवत राहिला. त्या मानाने १९९० च्या दशकाअखेरीस जी स्विंगची लाट आली, रुंद खांद्यांचे सूट, जाहिरातींत नाच, ती काही वर्षांतच ओसरली. कपडे परत आले होते, म्हातारी माणसं त्यात फारशी नव्हती. मला तरी हेच कारण वाटतं.

एका चालीला मी थबकले. ब्रासचा तो उसळता ठेका मी लहानपणी रेडिओवर, हिंदी गाण्यांत ऐकला होता. ते अगदी साहजिक आहे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्डसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवायचे. गोव्याच्या वादकांनी ते कानांनी उचललं. हळदोण्याचा आंतोनियो वाझ ट्रम्पेट हाती घेऊन चिक चॉकलेट झाला, आणि पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र त्याला घेऊन सिनेमाच्या गाण्यांत स्विंग आणू लागले. आजोबांच्या बँडला वरातीत हीच गाणी वाजवायला लागायची. म्हणजे न्यू ऑर्लिन्सची चाल मुंबईमार्गे मिरजेच्या गल्लीत, आजोबांच्या ओठांवर पोचली होती. मी लेकीला हे खिडकीपाशीच सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या दंडाला बिलगून उभी राहिली.

मंगळवार

सकाळी जुन्या टांकसाळीच्या इमारतीतलं जॅझ म्युझियम. चांगलं आहे. दुपारी पाऊस.

रात्री प्रिझर्वेशन हॉल. सेंट पीटर स्ट्रीटवरची ही खोली बाहेरून पडीक वाटते, आतूनही. रंग उडालेल्या भिंती, लाकडी बाकं, पुढे जमिनीवर टाकलेल्या गाद्या. इथे दारू मिळत नाही, फोन बाहेर काढायचा नाही. भिंतीवर फर्माइशीची जुनी पाटी, ज्यात नेहमीच्या गाण्याला कमी आणि सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन'ला सर्वांत जास्त दर.

१९६१ साली अ‍ॅलन आणि सँड्रा जॅफे हे पेनसिल्व्हेनियाचं नवं जोडपं या शहरात आलं आणि इथल्या एका चित्रांच्या दालनात म्हातारे वादक जमून वाजवतात ते ऐकून इथलंच होऊन गेलं. त्यांनी ही खोली चालवायला घेतली. जॉर्ज लुईस, स्वीट एमा बॅरेट, बिली आणि डी डी पियर्स अशा जुन्या वादकांना रोज वाजवायला जागा मिळाली, मानधन मिळालं. वर्णभेदाचे कायदे अजून लागू असताना या बाकांवर काळे-गोरे शेजारी शेजारी बसायचे. अ‍ॅलन १९८७ मध्ये गेला. मुलगा बेन आता सांभाळतो, आणि बापासारखाच ट्युबा वाजवतो.

आम्हाला पुढची गादी मिळाली. माइक नाही, काही नाही. ट्युबाचा वारा लेकीच्या केसांना लागत होता. क्लॅरोनेटवाले गृहस्थ साठीचे असतील. एका संथ भजनात बाकीची वाद्यं मागे सरली आणि त्यांनी खालच्या सप्तकात, जिथे क्लॅरोनेटचा आवाज ओल्या लाकडासारखा होतो, एक ओळ घेतली. मग तीच ओळ पुन्हा, थोडी मोडून. मग तिसऱ्यांदा, जवळजवळ काहीच न वाजवता, नुसत्या श्वासानं. पुढच्या गादीवरून मला त्यांच्या ओठांच्या कडेला पडणाऱ्या सुरकुत्या दिसत होत्या. वरचे दात वाद्याच्या माउथपीसवर घट्ट टेकलेले, खालचा ओठ आत वळवलेला. हे तोंड मी ओळखत होते. आजोबा ओट्यावर बसून, हातात काही नसताना, असंच तोंड करायचे. मी इतकी वर्षं समजत होते की ती दात नसलेल्या माणसाची सवय आहे.

मला रडू आवरलं नाही. अंधार होता, कुणी बघितलं नाही.

बुधवार

सकाळी साडेसातला, गाडीत बसायच्या आधी, मिरजेला आत्याला फोन लावला. तिथे संध्याकाळचे सात.

"आत्या, आजोबांचं क्लॅरोनेट आहे का गं अजून?"

"माळ्यावर पेटीत असेल की. मोडीत घालायचं म्हणत होते हे, मीच ठेवलंय. काय करायचंय?"

"काढतेस? आणि फोटो पाठव. किल्ल्यांचा, जवळून."

"आत्ता? बरं, पोराला चढवते वर. पण त्याला झुरळं लागली असतील बघ."

बॅटन रूजच्या अलीकडे पेट्रोलला थांबलो तेव्हा फोटो आले. तीन. वर्तमानपत्रावर ठेवलेलं काळं वाद्य, किल्ल्या हिरव्या पडलेल्या, एका जोडाला सुतळी गुंडाळलेली, किल्ल्यांखालच्या गाद्या पार गेलेल्या. लेकीनं फोन माझ्या हातातून घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि ओठ हलवत किल्ल्या मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या.

"आई," ती म्हणाली, "हे अल्बर्ट आहे."